ओझर ते सोनेगाव: ५४५ किलोमीटर आणि तिकिटावरचा दीड तास

नाशिकहून नागपूरला विमानाने जायचं म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात: अंतर किती आणि वेळ किती लागतो? उत्तरं मात्र दर ठिकाणी वेगळी मिळतात. एका संकेतस्थळावर ५४५ किलोमीटर, दुसऱ्यावर ५६५. कुठे उड्डाणाची वेळ पाऊण तास दिलेली असते, कुठे सव्वा तास, आणि तिकिटावर दीड तासाच्या पुढे. यातलं कोणतंच उत्तर खोटं नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचं मोजमाप आहे, आणि कोणता आकडा कशाचा हे कळलं नाही की पुढच्या गाडीचं किंवा बैठकीचं गणित चुकतं.

आधी अंतराचं बघू. नाशिकचा विमानतळ शहरात नाही. तो ओझरला, मुंबई–आग्रा रस्त्यावर, एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) विमान कारखान्याला लागून आहे. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येला. ओझरच्या धावपट्टीचं स्थान २०.११९ अंश उत्तर आणि ७३.९१३ अंश पूर्व. सोनेगावचं २१.०९२ अंश उत्तर आणि ७९.०४७ अंश पूर्व. एवढ्या चार आकड्यांवरून हवाई अंतर कागदावर काढता येतं, आणि त्याला दहावीच्या पायथागोरस आणि कोसाइनपलीकडचं गणित लागत नाही.

अक्षांशातला फरक ०.९७३ अंश. उत्तर–दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून हे झाले १०८ किलोमीटर. रेखांशातला फरक ५.१३४ अंश. इथे थोडं थांबायला हवं, कारण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आकसत शून्यावर येतो. आपल्या अक्षांशावर तो किती ते काढायला १११.२ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्ही विमानतळांचा मधला अक्षांश २०.६ अंश, त्याचा कोसाइन ०.९३६. म्हणजे इथे रेखांशाचा एक अंश १०४.१ किलोमीटरचा, आणि ५.१३४ अंश म्हणजे ५३४ किलोमीटर. आता १०८ आणि ५३४ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. कर्ण येतो ५४५ किलोमीटर.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा पायथागोरस चालतो कसा, असं वाटेल. एवढ्या अंतराला चालतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट आणि एकच दिशा धरून गेलेली वाट यांत इतक्या पल्ल्यावर फरक पडतो वीसेक मीटरचा, म्हणजे धावपट्टीच्या अर्ध्या रुंदीचा. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या पल्ल्याला मात्र ही रीत अजिबात वापरू नये. तिथे जवळची वाट उत्तरेकडे मोठा बाक घेते आणि हे सोपं गणित फार चुकतं. दुसरी एक बारीक गोष्ट अशी, की पृथ्वी पुरती गोलही नाही, विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. ते धरून हिशेब करणारी साधनं याच मार्गाला ५४६ किलोमीटर दाखवतात. हा एका किलोमीटरचा फरक चूक समजू नये.

मग ५६५ कुठून येतात? ती साधनं विमानतळ धरत नाहीत, शहराचा मध्य धरतात. नाशिकच्या मध्यापासून नागपूरच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत सुमारे ५६६ किलोमीटर भरतात. ओझर शहराच्या ईशान्येला, म्हणजे नागपूरच्याच बाजूला असल्यामुळे विमानाचे वीसेक किलोमीटर वाचतात. ते अर्थात आपण सकाळी रिक्षाने किंवा टॅक्सीने आधीच कापलेले असतात. गांधीनगरला लष्कराचा जुना हवाई तळ आहे. एखाद्या साधनाने नाशिक म्हणून तो बिंदू धरला, तर उत्तर ५६०च्या आसपास येतं. म्हणून अंतर बघताना आधी कोणत्या दोन बिंदूंमधलं ते बघावं.

स्वतः हिशेब करणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक कोसाइनची नसते, ती अंश आणि मिनिटांची असते. ओझरचा रेखांश काही तक्त्यांत ७३ अंश ५५ मिनिटे असा लिहिलेला सापडेल. तो ७३.५५ असा लिहिला की संपलं. एका अंशाची मिनिटं साठ, म्हणून ५५ मिनिटं म्हणजे ०.९२ अंश, ०.५५ नव्हे. या एका चुकीने विमानतळ पश्चिमेला जवळजवळ ३८ किलोमीटर सरकतो आणि अख्खं गणित बिघडतं. मिनिटांना आधी ६० ने भागायचं, मगच पुढे जायचं.

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचं माप नॉटिकल मैल, म्हणजे नेमके १,८५२ मीटर. हे माप मुद्दाम पृथ्वीच्या मापाला जोडलेलं आहे: अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक नॉटिकल मैल, एक अंश म्हणजे साठ. ताशी एक नॉटिकल मैल वेगाला एक नॉट म्हणतात. आपले ५४५ किलोमीटर म्हणजे २९४ नॉटिकल मैल. पुढचा सगळा वेळेचा हिशेब याच मापात सोपा जातो, म्हणून ते लक्षात ठेवावं.

ही सरळ रेघ महाराष्ट्राच्या नकाशावर ओढून बघण्यासारखी आहे. ओझरहून निघून ती मनमाडच्या अगदी जवळून जाते, चाळीसगावला डावीकडे ठेवते, अजिंठ्याची लेणीही डाव्या हाताला दहाएक किलोमीटरवर राहतात, मग ती जवळजवळ बुलढाणा, अकोला आणि बडनेरा यांच्या डोक्यावरून सोनेगावला पोचते. रेल्वेही मनमाड, अकोला, बडनेरा अशीच जाते, पण मधे ती जळगाव-भुसावळकडे उत्तरेला वळसा घेते आणि शेवटी वर्ध्याकडे दक्षिणेला उतरते. त्या दोन वळणांमुळे नाशिकरोड–नागपूर रेल्वेचं अंतर साधारण ६५० किलोमीटर होतं. सिन्नरजवळून समृद्धी महामार्ग धरला तर रस्त्याने सहाशेच्या आसपास. याचा अर्थ विमानाची वाट रस्त्यापेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी कमी आहे. विमानाने वेळ वाचतो तो वेगामुळे, आणि तोही वाटतो तेवढा नाही.

आता वेळ. संकेतस्थळांवरचा पाऊण तास कसा येतो ते आधी सांगतो. ५४५ ला ताशी ८०० किलोमीटरने भागलं की ४१ मिनिटं येतात. काही साधनं त्यात चढण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवतात, मग सव्वा तासाच्या जवळपास उत्तर दिसतं. पण ताशी ८०० हा मोठ्या जेट विमानाचा वरच्या उंचीवरचा वेग आहे. अशा पल्ल्यावर आपल्याकडे बहुतेक वेळा लावतात ते एटीआर ७२, दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप विमान. त्याचा स्थिर उड्डाणातला वेग २७० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. तिकिटात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघितल्याशिवाय वेळेचा अंदाज बांधू नये.

एटीआरने ओझरहून निघाल्यापासून सोनेगावला थांबेपर्यंतचा हिशेब मिनिटांत मांडू. वारा नाही असं आधी धरू. ओझर समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांच्या वर आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची देतात, म्हणून १७,००० फूट धरू. (परतीला पश्चिमेकडे येताना सम हजार, म्हणजे १८,००० किंवा २०,०००. समोरासमोर येणाऱ्या विमानांत कायम हजार फुटांचं अंतर राहावं यासाठी हा नियम.) पंधरा हजार फूट चढायला मिनिटाला सरासरी हजार फूट या गतीने १५ मिनिटं लागतात. चढताना वेग कमी असतो, सरासरी २०० नॉट, म्हणून या १५ मिनिटांत विमान ५० नॉटिकल मैलच पुढे जातं. उतरण्याचा अंगठेनियम असा, की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. नागपूर हजार फुटांवर आहे, म्हणजे सोळा हजार फूट उतरायचं: ४८ मैल, वेग कमी करायला आणखी दोन, एकूण ५०. त्याला १३ मिनिटं. चढण आणि उतरण मिळून शंभर मैल गेले. उरलेले १९४ मैल २७० नॉटने कापायला ४३ मिनिटं. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी जो फेर घ्यावा लागतो त्याला ५ मिनिटं. बेरीज ७६ मिनिटं. ही हवेतली वेळ.

आता एवढ्याच अंतराला एअरबस ए३२० लावून बघा. त्याचा वरचा वेग ४५० नॉट, म्हणजे एटीआरच्या जवळजवळ पावणेदोन पट. पण ते तेहतीस हजार फुटांपर्यंत चढणार, त्यात शंभराहून जास्त मैल जाणार, तेवढेच उतरताना. मधे पूर्ण वेगाने जायला उरतात नव्वदच मैल, म्हणजे १२ मिनिटं. सगळं मिळून हवेत ५४-५५ मिनिटं. पावणेदोन पट वेगाचं विमान वीस-बावीस मिनिटंच वाचवतं. छोट्या पल्ल्याला एटीआर का परवडतं याचं अर्धं उत्तर इथेच आहे: जेटचा वेग वापरायला अंतरच पुरत नाही, आणि इंधन मात्र जास्त जळतं.

तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. ती चाकांखालचे चॉक (चाकं अडवणाऱ्या पाचरी) काढून विमान हलतं तिथपासून, उतरल्यावर थांबून पुन्हा चॉक लागतात तिथपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात निघतानाचा टॅक्सी वेळ येतो, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीच्या टोकापर्यंत जातं ती वेळ. इंजिन सुरू करणं, तपासणी, परवानगी धरून साधारण दहा मिनिटं, आणि उतरल्यावर पाच-सहा. ७६ मध्ये हे मिळवलं की ९२ मिनिटं होतात. विमान कंपनी त्यात थोडी मोकळीक ठेवते आणि दीड तास ते पावणेदोन तास यांच्या मधला आकडा छापते. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि त्याबरोबर ही छापील वेळही पाच-दहा मिनिटांनी पुढे-मागे होऊ शकते.

लहान विमानतळांवर जमिनीवरची वेळ एका कारणाने वाढते, ते प्रवाशांना खिडकीतून दिसतं पण उमगत नाही. धावपट्टीला समांतर असा टॅक्सीचा रस्ता पूर्ण लांबीचा नसेल, तर विमानाला धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने टोकापर्यंत जावं लागतं आणि तिथे जागच्या जागी वळून मग धाव घ्यावी लागते. याला बॅकट्रॅक म्हणतात. तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी वीस नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने पार करायला पाच मिनिटं जातात. तेवढ्या वेळात दुसरं कोणतंही विमान उतरू शकत नाही, म्हणून एखादं विमान येत असेल तर आपलं विमान आधी त्याची वाट बघतं. हवेत सगळं वेळेवर असूनही दहा मिनिटं इथे जातात.

दिशेचा परिणामही असाच नजरेआड राहतो. ओझरहून नागपूरची दिशा ७८ अंश, म्हणजे पूर्वेच्या किंचित उत्तरेला. ओझरची धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे. वारा पूर्वेचा किंवा अगदी मंद असला की विमान पूर्वेकडे उडतं आणि नाकासमोर नागपूर असतं, वळायचं कामच नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं, म्हणून त्या दिवसांत ते आधी पश्चिमेला उडून मग पूर्ण उलटं फिरतं. तीन-चार मिनिटं तिथे गेली. नागपूरची धावपट्टी वायव्य–आग्नेय आहे, तिची टोकं १४ आणि ३२ या आकड्यांनी ओळखतात, म्हणजे १४० आणि ३२० अंशांच्या दिशा. १४ वर उतरायचं असेल तर पश्चिमेकडून येणारं विमान थोडं डावीकडे जाऊन उजवीकडे वळलं की झालं. ३२ वर उतरायचं असेल तर विमानतळ ओलांडून आग्नेयेला जायचं आणि तिथून परत फिरायचं. खिडकीतून नागपूर शहर दिसतंय, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या इमारती दिसतायत आणि विमान मात्र पुढे चाललंय, असं झालं की समजावं, आज ३२ चालू आहे. त्याला पाच ते सात मिनिटं जास्त धरावीत.

या गणितात सगळ्यांत मोठा फरक पाडतो तो वरचा वारा. हिवाळ्यात आपल्यावर वरच्या थरात पश्चिमेचा वारा असतो, आणि जितकं वर जावं तितका तो जोरात असतो. एटीआरच्या उंचीवर तो ३० नॉट आहे असं धरू. नाशिकहून नागपूरला जाताना तो पाठीशी: विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग २७० ऐवजी ३००. परतीला तोच तोंडावर: २४०. सोयीसाठी सगळे २९४ मैल एकाच वेगाने कापले असं मानलं, तर वारा नसताना ६५ मिनिटं, जाताना ५९, येताना साडेत्र्याहत्तर. जाताना सहा मिनिटं मिळाली आणि येताना आठ गेली. जाण्या-येण्यात वाऱ्याचा हिशेब कधीच फिटत नाही, तोटाच राहतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि सुलट्या वाऱ्यात कमी. म्हणून याच मार्गाची परतीची वेळ पाच-दहा मिनिटं जास्त छापलेली दिसली तर ती छपाईची चूक नाही.

उन्हाळ्यात वेगळाच प्रश्न असतो. मे महिन्यात नागपूरचं तापमान ४५ अंशांवर जातं. गरम हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची आणि पंख्याची ताकद कमी पडते. धाव लांबते आणि चढण मंदावते. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे, एटीआरला ती मुबलक आहे, तेव्हा तिथे उडण्याची अडचण नाही, फक्त चढायला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. तोकड्या धावपट्टीच्या विमानतळावर मात्र याच उन्हामुळे वजन कमी करावं लागतं. मग काही जागा रिकाम्या ठेवतात किंवा काही सामान नंतरच्या विमानाने पाठवतात. दुपारच्या उड्डाणात हे जास्त होतं, पहाटेच्या उड्डाणात जवळजवळ नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचे हेलकावेही जास्त. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर एप्रिल-मेमध्ये सकाळचं विमान निवडावं, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

पावसाळ्यात प्रवाशांना भीती वाटते ती ढग चुकवण्याच्या वळशांची. खरं तर वळसा स्वस्त असतो. मार्गावर मध्येच मोठा गडगडाटी ढग आला आणि विमान मूळ रेषेपासून २० मैल बाजूला जाऊन परत आलं, तर दोनशे मैलांच्या टप्प्यात वाढतात चारच मैल, म्हणजे एक मिनिटसुद्धा नाही. पायथागोरसने स्वतः पडताळून बघा. वेळ खातं ते थांबणं. सोनेगाववर पाऊस कोसळत असेल तर विमानाला हवेत घिरट्या घालायला सांगतात. अशी एक घिरटी चार मिनिटांची असते: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटं गेली.

विमान किती वेळ घिरट्या घालू शकतं हे इंधनावर ठरतं, आणि ते मोजूनमापून भरलेलं असतं: मुक्कामापर्यंतचं, त्यावर थोडं राखीव, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यानंतरही अर्धा तास उडता येईल एवढं. शेवटचा अर्धा तास वापरायचा नसतो. ओझरला येणाऱ्या विमानाला छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा हा एक पर्याय, ओझरपासून सुमारे १५८ किलोमीटर. पर्याय अगदी जवळचा घेतला तर तिथेही तेच धुकं किंवा तोच पाऊस असण्याचा धोका राहतो. म्हणून आपलं विमान जवळचा विमानतळ सोडून दूर का नेलं, असं वाटलं तर त्यामागे हे कारण असू शकतं.

धुकं हा नाशिकच्या बाजूचा हिवाळी प्रश्न आहे. उतरायला लागणारी किमान दृश्यता धावपट्टीवर कोणती मार्गदर्शक यंत्रणा आहे यावर अवलंबून असते. आयएलएस म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणि योग्य उतारावर आणणारी यंत्रणा. तिच्या सर्वांत साध्या प्रकारात, ज्याला पहिली श्रेणी म्हणतात, धावपट्टीवर ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं आणि जमिनीपासून २०० फुटांवर येईपर्यंत वैमानिकाला दिवे किंवा धावपट्टी दिसावी लागते. नाही दिसली तर वर जायचं, त्यात तडजोड नाही. यंत्रणा त्याहून साधी असेल तर याहून बरीच जास्त दृश्यता लागते. धुकं सकाळी आठ-नऊपर्यंत रेंगाळलं की पहिलं विमान नागपूरलाच थांबवून ठेवतात. ते बरंच आहे: जमिनीवर थांबलेलं विमान हवेत घिरट्या घालणाऱ्यापेक्षा कधीही चांगलं.

आणि मग तो उशीर दिवसभर पुढे सरकत राहतो. एक एटीआर दिवसात सहा-आठ फेऱ्या करतं, आणि दोन फेऱ्यांच्या मधे जमिनीवर त्याला मिळतो जेमतेम अर्धा तास. सकाळी तिसऱ्याच कुठल्या शहरात चाळीस मिनिटं उशीर झाला, तर प्रत्येक थांब्यावर फार तर पाच-सात मिनिटं भरून निघतात. संध्याकाळी ओझरला निरभ्र आकाश असतं, वारा नसतो, आणि फलकावर उशीर दिसतो. स्थानिक हवामान बघून काही उपयोग नाही, ते विमान दिवसभर कुठे होतं ते बघायला हवं. त्यात भर म्हणजे लहान विमानतळ चोवीस तास चालू नसतात. त्यांच्या कामाच्या ठरावीक वेळा असतात, त्यांना वॉच अवर्स म्हणतात. शेवटचं विमान त्या वेळेच्या काठावर असेल तर तासाचा उशीरसुद्धा फेरी रद्द करायला पुरतो. नागपूर चोवीस तास चालतं, पण दोन टोकांपैकी एक जरी बंद झालं तरी फेरी होत नाही.

हे सगळं धरून घरापासून घरापर्यंतचा खरा हिशेब मांडू. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून ओझर वीस-बावीस किलोमीटर, द्वारका चौकातली कोंडी धरून पाऊण तास. बहुतेक कंपन्यांचे सामानाचे काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या साठ मिनिटं आधी बंद होतात आणि गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी, म्हणून दीड तास आधी पोचावं. मग विमानाची पंच्याण्णव मिनिटं, सामान घ्यायला वीस, सोनेगावहून सीताबर्डी अर्धा तास. एकूण चार तास चाळीस मिनिटं. यातली हवेतली वेळ सव्वा तास, म्हणजे साधारण पाव हिस्सा. रेल्वेने रात्रभराचे दहा-अकरा तास. समृद्धीवर गाडीला ताशी १२० ची मर्यादा आहे, पण जेवणखाण आणि दोन्ही शहरांतला रस्ता धरून साडेसहा ते साडेसात तास. या गाडीच्या प्रवासापेक्षा विमान दोन-अडीच तास वाचवतं, तेही सगळं वेळेवर असेल तर. एकट्या माणसाला नागपुरात दिवसाचं काम उरकायचं असेल तर ते दोन तास मोलाचे आहेत. चौघांचं कुटुंब भरपूर सामान घेऊन लग्नाला चाललं असेल तर गाडीचा विचार आधी करावा.

पुढची गाडी किंवा दुसरं विमान जोडून धरायचं असेल तर छापील उतरण्याच्या वेळेनंतर हातात किमान दीड तास ठेवावा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर उशीर झाल्यास पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड प्रवाशाचाच, मग दोन उड्डाणांमधे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये. आणि संध्याकाळच्या उड्डाणाला निघण्याआधी एक काम करावं: विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर आपल्या उड्डाणाचा क्रमांक टाकून त्याला लावलेलं विमान आत्ता कुठे आहे ते बघावं. तुमचं विमान साडेसहाला ओझरहून सुटायचं आहे आणि तेच विमान साडेपाचला दीड तासाच्या अंतरावरच्या दुसऱ्याच शहरात जमिनीवर उभं असेल, तर फलक बदलायची वाट बघू नका. ते सातच्या आधी ओझरला टेकत नाही, आणि त्यानंतर अर्धा तास जमिनीवर. साडेसात धरा आणि नागपूरला घ्यायला येणाऱ्यांना फोन करून सांगा.